एक साखळी रुंद

विनिपेगमध्ये मेन स्ट्रीट आणि पोर्टेज ॲव्हेन्यू जिथे मिळतात त्या चौकात उभे राहा आणि पश्चिमेकडे तोंड करा. कानटोपी नीट ओढून घ्या, कारण इथला वारा बोचरेपणासाठी देशभर प्रसिद्ध आहे. सरळ पश्चिमेला निघालात की शहर संपता संपता ही पोर्टेज ॲव्हेन्यूच ट्रान्स-कॅनडा महामार्ग होते, क्रमांक १. पुढे ब्रँडन, रिजायना, मूस जॉ, मेडिसिन हॅट आणि सुमारे १,३०० किलोमीटरवर कॅलगरी. डोंगर नाही, घाट नाही. नकाशावर ही वाट पट्टी लावून आखल्यासारखी दिसते.

निघण्यापूर्वी एक वस्तू सोबत घ्या: मोजणीदाराची साखळी. १०० कड्या, लांबी ६६ फूट. इंग्रजी अमदानीत आपल्याकडे ज्या साखळीने गुंठे पाडले ती ३३ फुटांची, सोळा आण्यांची होती. ही तिच्या बरोबर दुप्पट. पुढच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या प्रवासात हिचा उपयोग होणार आहे. आधी ती पायाखालच्या रस्त्यावरच टाकून बघा. एक साखळी झाली, रस्ता अजून अर्धाच. दुसरी साखळी टाकली की पलीकडची कड लागते. १३२ फूट.

मूठभर घरांच्या वस्तीने एवढा रुंद रस्ता कशासाठी राखला असेल? डोळे मिटा आणि कान द्या.

१८६२, जुलै

आधी आवाज येतो, मग धूळ दिसते, आणि बऱ्याच वेळाने गाड्या. आवाज असा की शंभर रहाट एकाच वेळी कोरडे फिरताहेत. तुम्ही कानांवर हात ठेवता आणि गाडीवान हसतात. त्यांना कित्येक मैलांवरून याच आवाजाने आपली माणसं ओळखू येतात.

बैलगाडीच्या देशातून आलेला माणूस आधी चाक बघतो. चाकं दोनच, तुमच्या छातीला लागतील एवढी उंच. आरे बशीसारखे बाहेर कललेले, म्हणजे मऊ जमिनीत गाडी सहसा कलंडत नाही. पण चाकावर धाव कुठे आहे? धाव नाही. पूर्ण गाडीत लोखंडाचा खिळासुद्धा नाही. सगळं लाकूड, आणि जिथे बांधायचं तिथे बायसनच्या ओल्या कातड्याची वादी. ती वाळली की अशी आवळते की सोडवायला सुरीच लागते. आसाला वंगणही नाही. तुम्ही त्याकडे बोट दाखवता तेव्हा गाडीवान चिमूटभर धूळ उचलून बोटांवर चोळून दाखवतो. वंगण घातलं की ही धूळ त्यात कालवली जाते आणि आस कानस लावल्यासारखा झिजतो. कोरडा आस ओरडतो, पण जास्त टिकतो. तरीही लांबच्या फेरीत तो मोडतोच. पुढच्या माळावर झाड मिळणार नाही, म्हणून जादाचं लाकूड गाडीलाच बांधलेलं आहे.

हे गाडीवान मेटी. बाप-आजे फ्रेंच किंवा स्कॉटिश फर-व्यापारी; आया-आज्या क्री आणि ओजिब्वे. त्यांच्या मिशिफ भाषेत नामं बहुतेक फ्रेंच आणि क्रियापदं क्री. एका माणसाच्या हाती तीन-चार गाड्या, कारण प्रत्येक बैल पुढच्या गाडीच्या मागे बांधलेला असतो. गाडीवर ४०० किलोच्या आसपास माल. दिवसाची मजल ३० किलोमीटर. वाटेत नदी आली की चाकं काढून गाडीखाली बांधायची, खालून कातडं ताणायचं आणि गाडीचाच तराफा करून पलीकडे जायचं.

दुपारी गाड्या थांबतात. गाडीवानाचा आठ वर्षांचा मुलगा कातडी पिशवीतल्या पेमिकनवर कुऱ्हाड घालून एक तुकडा तोडतो आणि तुमच्या हातावर ठेवतो. बायसनचं मांस वाळवून कुटलेलं, चरबीत कालवलेलं, मधूनच रानफळाचा आंबटपणा. एक तुकडा पोटात गेला की संध्याकाळपर्यंत भूक नाही.

आता मागे वळून पाहा. गाड्या एकामागे एक अशा एकाच ओळीत नाहीत. एक चाकोरी खोल गेली, पावसाने तिचा ओढा झाला, की पुढचा बाजूने नवी पाडतो, त्याच्या पुढचा आणखी बाजूने. अशा कितीतरी चाकोऱ्या मिळून वाट झाली आहे. चौकातलं कोडं इथे सुटतं. विनिपेगने एवढा रुंद रस्ता आखला असं म्हणण्यापेक्षा, गाड्यांनी जेवढी जागा मळली होती तेवढी नंतरच्या शहराने मोकळी सोडली असं म्हणावं.

पोर्टेज ला प्रेरीला तुमची नि त्यांची ताटातूट होते. पोर्टेज म्हणजे होडी पाण्याबाहेर काढून खांद्यावर वाहून न्यायची जागा. इथे ती असिनिबोइन नदीपासून मॅनिटोबा सरोवराकडे न्यायची. गाड्या इथून वायव्येला वळतात: फोर्ट एलिस, फोर्ट कार्लटन, फोर्ट एडमंटन. आजही पोर्टेजच्या थोडं पुढे महामार्ग १६ फुटतो तो साधारण त्याच अंगाला जातो. तुम्हाला मात्र थेट पश्चिमेला जायचं आहे, आणि तिकडे असा थोरला मळलेला मार्ग नाही. तो मुलगा शेवटच्या गाडीमागून चालताना तुम्हाला हात करतो. त्याला लक्षात ठेवा.

१८६९, ११ ऑक्टोबर

पुन्हा रेड नदीकाठी या. फर-व्यापारातली हडसन्स बे कंपनी आपला अफाट मुलूख ३ लाख पौंडांना कॅनडाच्या हवाली करायला निघाली आहे. तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारलेलं नाही. व्यवहार पुरा होण्याआधीच मोजणीदार येऊन दाखल झाले आहेत.

तुम्ही एका मेटी कुटुंबाच्या गवताळ रानात उभे आहात. इथली शेतं चौकोनी नाहीत. नदीला तोंड करून अरुंद पट्ट्या, मागे जवळजवळ दोन मैलांपर्यंत लांब गेलेल्या. त्यामुळे प्रत्येकाला पाणी मिळतं, काठावरचं लाकूड मिळतं, मागचं गवत मिळतं, आणि शेजारी हाकेच्या अंतरावर राहतो. मोजणीदारांच्या वहीत असल्या पट्ट्यांना जागा नाही. त्यांना चौकोन पाडायचे आहेत. साखळी ताणली जाते.

एवढ्यात काही मेटी पुरुष चालत येतात. हातात शस्त्र नाही. त्यांच्यात पंचविशीला टेकलेला, माँट्रियलला शिकून आलेला लुई रिएल आहे. ताणलेल्या साखळीवर पाय दिला जातो. इथून पुढे मोजायचं नाही, एवढंच सांगणं. मोजणीदार सामान आवरतात.

त्या पायातून मॅनिटोबा प्रांत जन्माला आला. १८७० च्या मॅनिटोबा कायद्यात मेटी मुलाबाळांसाठी १४ लाख एकर जमीन राखून ठेवायचं वचन आलं. वाटप मात्र वर्षानुवर्षं रेंगाळलं. तोवर बाहेरून वसाहतवाले येऊन बसले, आणि कंटाळलेली मेटी कुटुंबं गाड्या जोडून पश्चिमेला गेली.

आणि साखळी? ती फार दिवस थांबली नाही. १० जुलै १८७१ ला विनिपेगच्या पश्चिमेला, हेडिंग्लीच्या पुढे पहिल्या रेखावृत्ताची खूण रोवली गेली. महामार्ग १ आज त्या रेषेला ओलांडतो आणि तिथे तिचं स्मारक आहे. त्या खुणेपासून पश्चिमेला, रॉकी पर्वतापर्यंतचा माळ चौकोनांत कापायला घेतला: सहा मैल लांब, सहा मैल रुंद टाउनशिप; तिच्यात ३६ भाग; प्रत्येक भाग ६४० एकरांचा; त्याचा चौथा हिस्सा म्हणजे १६० एकर, १० डॉलर फी भरून, घर बांधून, जमीन कसून दाखवणाऱ्याला मालकीने. पृथ्वी गोल असल्याने उत्तरेकडे रेखावृत्तं जवळ येत जातात आणि चौकोन जुळेनासे होतात. म्हणून ठरावीक अंतरावर रेषा सरकवून घेतली. आजही उत्तरेला सरळ जाणारा एखादा गावरस्ता कारण नसताना अचानक काटकोनात वळतो आणि पुन्हा सरळ होतो. तो पृथ्वीच्या गोलाईला घातलेला वळसा आहे.

या चौकोनांच्या मध्ये मोजणीदारांनी कोणालाच न देता पट्ट्या सोडल्या. मॅनिटोबात ९९ फुटांच्या, म्हणजे दीड साखळी. पुढे पश्चिमेला ६६ फुटांच्या, म्हणजे नेमकी एक साखळी. कशासाठी? रस्त्यांसाठी. तुमच्या हातातली साखळी या पट्टीत आडवी टाकून बघा, चपखल बसते. पण रस्ता कुठे आहे? आहे ते गुडघाभर गवत. आधी माणसं चालतात, वाट मळते, मग तिला नाव पडतं आणि शेवटी ती नकाशावर चढते, हे आपण जाणतो. प्रेरीच्या या माळावर रस्ता आधी कागदावर जन्मला आणि चालणाऱ्यांची वाट बघत पडून राहिला.

१८८२, ऑगस्ट

तुम्ही सरळ पश्चिमेला का निघालात, हे इथे कळतं. १८५७ ते १८६० मध्ये जॉन पॅलिसरने हा मुलूख पाहून अहवाल दिला होता की दक्षिणेचा मोठा त्रिकोण शेतीला फार कोरडा आहे. त्यामुळे रेल्वे उत्तरेकडून, सुपीक पट्ट्यातून, जुन्या गाडीवाटेच्या अंगाने न्यायचं ठरत आलं होतं. मग जॉन मॅकून हा वनस्पतिशास्त्रज्ञ आला. त्याने १८७९ आणि १८८० मध्ये दक्षिणेचा माळ पाहिला आणि तो गव्हासाठी उत्तम असल्याचं छातीठोक सांगितलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याने पाहिली ती वर्षं पावसाची होती. १८८१ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने दक्षिणेचा मार्ग धरला, आणि पुढे महामार्गाला रुळांच्या शेजारून जाण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. पोर्टेजचा फाटा असा दोन माणसांच्या दोन वेगवेगळ्या ऋतूंनी ठरवला.

गावंही रेल्वेने ठरवली. ग्रँड व्हॅलीच्या एका शेतकऱ्याने स्टेशनच्या जागेला रेल्वेने देऊ केल्याच्या दुप्पट भाव मागितला. रेल्वेचा माणूस उठला, दोन मैल पुढे गेला आणि तिथे ब्रँडन वसलं. ग्रँड व्हॅलीचं नावही आज कोणाला आठवत नाही.

१८८२ च्या त्या एका हंगामात रेल्वेच्या व्हॅन हॉर्नच्या माणसांनी ४०० हून अधिक मैल रूळ टाकले. तुम्ही रुळांबरोबर चालत एका सुकत चाललेल्या ओढ्यापाशी येता. क्री लोक या जागेला हाडांच्या ढिगाची जागा म्हणतात. बायसन मारून त्यांची हाडं इथे रचून ठेवायची त्यांची जुनी रीत. ऑगस्टच्या तेविसाव्या दिवशी पहिली गाडी येते आणि या जागेला नवं नाव मिळालेलं असतं: रिजायना, म्हणजे राणी. ना झाड, ना चांगलं पाणी. तरी या मुलखाची राजधानी इथेच. नायब राज्यपाल एडगर ड्युडनीची स्वतःची जमीन जवळच होती, ही गोष्ट तेव्हाही लोकांच्या तोंडी होती.

तीन-चार वर्षांनी याच फलाटावर पुन्हा या. ओळखीचा आवाज ऐकू येतो: तीच वंगण नसलेली चाकं. गाड्यांवर मात्र फरचे गठ्ठे नाहीत, बायसनची हाडं आहेत. कळप संपले; माळावर उरलेली हाडं वेचून रेल्वेला द्यायची, टनाला काही डॉलर मिळतात. हाडं दक्षिणेला जातात. त्यांचं खत होतं, आणि साखर पांढरी करायला लागणारा कोळसा.

गावाच्या पश्चिमेला घोडदळ पोलिसांची बराक आहे. १८८५ मध्ये सास्काचुआन नदीकाठी बतोशला रिएलच्या पाठीशी मेटी सरकारशी लढले आणि हरले. १६ नोव्हेंबरला याच बराकीत लुई रिएलला फाशी दिली. साखळीवर पाय पडून सोळा वर्षं झाली होती.

१९१२, सप्टेंबरअखेर

रिजायनाच्या बाहेर तुमचा बूट चिखलात राहतो आणि पाय वर येतो. घाबरू नका, ही माती तुमच्या ओळखीची आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगून पायाला खापरासारखी थापली जाणारी. मराठवाडा-विदर्भाच्या काळ्या रानाच्या जातीचीच ही चिकणमाती आहे. इथले लोक तिला गंबो म्हणतात.

त्या चिखलातून एक मोटार येते आहे. कंपनी रिओ, दोन माणसं. थॉमस विल्बी हा पत्रकार आणि जॅक हॅनी हा रिओ कंपनीचा मेकॅनिक. २७ ऑगस्टला हॅलिफॅक्सला अटलांटिकच्या पाण्यात चाकं भिजवून निघालेत, पॅसिफिकला पोचायचंय. माळावरच्या जुन्या गाडीवाटा आता कुंपणांनी आणि नांगरटीने तोडल्या आहेत. उरल्या त्या कागदावरच्या पट्ट्या. त्यांत कुठे मुरूम नाही, कुठे मधोमध तळं साचलेलं, आणि दर मैल-दोन मैलांवर काटकोन. शेतकऱ्यांनी कराच्या बदल्यात काही दिवस रस्त्यावर राबायचं आणि पाऊस उघडला की घोड्यांमागे ओंडका जोडून चिखल सपाट करायचा, एवढीच रस्त्याची निगा. दिशा चुकली की रूळ शोधायचे आणि त्यांच्या कडेकडेने जायचं.

५२ दिवसांनी ते पोचले. गाडी चालवली हॅनीने, चिखलातून काढली हॅनीने, दुरुस्त केली हॅनीने. १९१४ मध्ये विल्बीने या प्रवासाचं पुस्तक काढलं. त्यात हॅनीचं नाव एकदाही नाही. जिथे तिथे नुसता 'शोफर'. या रस्त्याला आपल्या माणसांची नावं गाळायची सवय फार लवकर लागली.

१९३४, मे

आकाश तपकिरी आहे. भरदुपारी घरातून दिवा दिसतो. पॅलिसर खरा ठरला आहे. पाऊस नाही, गव्हाला भाव नाही; १९३२ मध्ये बुशेलला ४० सेंटही आले नाहीत. वाऱ्याने उडालेली माती कुंपणाशी साचून कुंपणच बुजलंय. गुरांना खायला काटेरी रशियन थिसल.

रस्त्यावरून मोटार येते, पण आवाज टापांचा. पेट्रोलला पैसे नाहीत, म्हणून इंजिन काढून मोटारीला घोडे जुंपले आहेत. लोक तिला पंतप्रधान आर. बी. बेनेट यांच्या नावाने बेनेट बगी म्हणतात. खुद्द बेनेट कॅलगरीचे खासदार. बेकार तरुणांसाठी सरकारने छावण्या काढल्यात. दिवसाला २० सेंट आणि जेवण, त्या बदल्यात रस्ते आणि धावपट्ट्या खोदायच्या.

मोठा रस्ता सोडून आडवाटेला वळा. दोन कुंपणांच्या मध्ये, जिथे रस्ता व्हायचा पण झालेला नाही, तिथे ओळीने घरं दिसतात. ओंडक्यांच्या भिंती मातीने लिंपलेल्या, छपरावर डांबरी कागद. दोन्ही बाजूंना गव्हाचं दुसऱ्याच्या मालकीचं रान. इंग्रजीत या लोकांना 'रोड अलाउन्स पीपल' म्हणतात, रस्त्याच्या राखीव पट्टीतली माणसं. १८८५ नंतर जमिनीचे कागद हातातून गेले, नदीकाठच्या पट्ट्या गेल्या, तेव्हा मेटी कुटुंबं प्रेरीवर जिथे कोणाची मालकी नव्हती तिथे येऊन राहिली. ती जागा एकच होती: मोजणीदारांनी रस्त्यासाठी सोडलेली.

पुरुष शेतांतले दगड वेचतात, झुडपं तोडतात, कुंपणाचे खांब पाडतात. बाया औषधी मुळं खणतात. जमिनीचा कर भरत नाहीत म्हणून मुलांना बऱ्याच शाळा घेत नाहीत, कारण शाळा त्या करावर चालते. संध्याकाळी मात्र एका घरातून फिडल ऐकू येतं आणि पाय आपोआप ताल धरतात.

त्या घरात चुलीशी एक ऐंशीचे आजोबा बसलेत. ते तव्यावरची बॅनकची जाड भाकर मोडून तुमच्या हातावर ठेवतात, आणि ती ठेवण्याची तऱ्हा तुम्हाला ओळखीची वाटते. कुऱ्हाडीने पेमिकन तोडणारा आठ वर्षांचा हात.

"आजोबा, इथून रस्ता जाणार म्हणतात."

"लोकांच्या दारावरून रस्ता जातो," ते म्हणतात. "आमचं दारच रस्त्यात आहे."

बाहेर येऊन तुम्ही साखळी टाकता, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. एक साखळी. घर, चूल, फिडल, भाजीचा वाफा, कुत्रा, सगळं ६६ फुटांत.

१९५७, उन्हाळा

डांबराचा वास आवडत असेल तर इथे रेंगाळा. डिसेंबर १९४९ मध्ये ट्रान्स-कॅनडा महामार्गाचा कायदा झाला: निम्मा खर्च केंद्राचा, निम्मा प्रांताचा, आणि मोजमापं सगळीकडे सारखी. त्याआधी कॅनडाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला मोटारीने जाणारे बहुतेक लोक मधला मोठा पल्ला अमेरिकेतून काढत. प्रीमियर टॉमी डग्लस यांच्या सास्काचुआनने आपला हिस्सा सगळ्या प्रांतांच्या आधी पुरा केला, तो याच वर्षी.

कडेच्या चरातून वर चढून पाहा. रस्ता शेतापेक्षा उंच का? पाणी निचरावं म्हणून, हे झालंच. पण खरं कारण हिवाळा आहे. सखल रस्त्यावर कुंपणाच्या आडोशाने बर्फ साचतो. उंचवट्यावर तोच वारा बर्फ झाडून नेतो. ज्या वाऱ्याने १९३४ मध्ये माती पळवली, त्यालाच इंजिनिअरांनी झाडूवाला म्हणून कामाला लावलं. जुने काटकोन गेले. गावाच्या मुख्य पेठेतून जाणारा रस्ता गावाला बगल देऊन निघाला. आता खिडकीतून गाव दिसतं ते दूरवरच्या धान्यकोठाराच्या उंच लाकडी मनोऱ्यावरून.

सबंध देशाचा महामार्ग ३ सप्टेंबर १९६२ ला पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांनी रॉजर्स पासला खुला केला. ते स्वतः सास्काचुआनचेच खासदार. आणि पट्टीतली माणसं? जिथे राखीव पट्टीचा खरोखरचा रस्ता झाला, तिथे त्यांना उठावं लागलं. काही वस्त्यांत माणसं हलवल्यावर मागे घरं जाळून टाकली. आजोबांच्या घराच्या जागी तुम्हाला फक्त मुरूम दिसतो, नुकताच दाबलेला.

आज

ताशी ११० किलोमीटर. येणारा रस्ता वेगळा, जाणारा वेगळा, मध्ये गवत. २०१९ मध्ये पुरा झालेला, १.८८ अब्ज डॉलरचा रिजायना बायपास तुम्हाला शहराला स्पर्शही न करता पुढे काढतो. ट्रकस्टॉपवर कॉफी घेताना शेजारच्या टेबलावर पंजाबी ऐकू येते. या रस्त्याचा माल आता बराचसा त्यांच्या हातांनी वाहिला जातो. मूस जॉ मागे पडतं. चॅपलिनला दोन्ही बाजूंनी जमीन पांढरीशुभ्र होते आणि ऐन जुलैत बर्फाचा भास होतो. ते सोडियम सल्फेट, साबणाच्या पावडरीत जाणारं. त्याच खारट काठांवर उत्तर ध्रुवाकडे जाणारे हजारो चिखलपक्षी उतरतात.

मेडिसिन हॅटला महामार्गाच्या कडेला पोलादी तंबू उभा आहे, वीस मजल्यांहून उंच. १९८८ च्या कॅलगरी हिवाळी ऑलिम्पिकसाठी केलेला, नंतर इथे आणलेला. गावाचं हे विचित्र नाव बदलावं असा घाट १९१० मध्ये घातला गेला, तेव्हा ते राखावं म्हणून खरमरीत पत्र लिहिणारा माणूस मुंबईत जन्मलेला होता: रुडयार्ड किपलिंग. नाव राहिलं.

माणसांची नावं परत यायला जास्त वेळ लागला. २०१३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मेटी मुलांना १४ लाख एकर देण्याचं १८७० चं वचन सरकारने नीट पाळलं नाही. २०२३ मध्ये मॅनिटोबाने लुई रिएलला प्रांताचा पहिला प्रीमियर म्हणून मानाने मान्यता दिली. फाशीनंतर १३८ वर्षांनी.

कॅलगरीचे दिवे दिसायच्या आधी एकदा महामार्ग सोडा. कुठल्याही खडीच्या गावरस्त्याला वळा आणि इंजिन बंद करा. दोन्ही बाजूंना कुंपण, कुंपणापलीकडे गहू. तारेवर एक पक्षी. शेवटच्या वेळी साखळी काढा आणि या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत ताणून धरा.

६६ फूट. मोजणी झाली तेव्हापासून त्यात एका कडीचाही फरक पडलेला नाही.